भिंतीवरची गिरणी

सोलापूरला गेलो की मावशीच्या माजघरातल्या त्या फोटोपुढे मी थबकतोच. मागे गिरणीचे उंच धुराडे. पुढे फेटे, टोप्या आणि मांडी घालून बसलेली दोन पोरे.

ही 'जुनी गिरणी' १८७७ साली सुरू झाली, ऐन दुष्काळात. आगगाडी आधीच आली होती. कापूस जवळ होता, आणि रिकामे हात तर गावोगाव. तेलंगणातून विणकरही आले. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे हे शहर मग एकाच भोंग्यावर उठू लागले, जेवू लागले. पुढे गिरणी बंद पडली, तो भोंगाही थांबला.

"हे आमचे बाबा," मावशी काचेवर बोट ठेवून सांगते. "आणि हे इराण्णा, शेजारचे." बाकीचे? तिला आठवत नाही. फोटोखाली साहेबांचे तेवढे नाव छापलेले आहे!

मागल्या खेपेस ती दोन नावे फोटोमागच्या पुठ्ठ्यावर लिहूनच मी उठलो.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही हाती असा एखादा फोटो येईल. धूळ पुसाल, तेव्हा घरातल्या थोरांना जरा जवळ बसवून घ्या. आणि हो, पेन्सिल विसरू नका.