थिएटरचा शेवटचा खेळ

एखाद्या सिनेमात जुनं थिएटर दिसलं की माझं लक्ष नटांवरून उडतं आणि भिंतींकडे जातं. हातांनी गुळगुळीत झालेला जिन्याचा कठडा, बाल्कनीची गोलाई, कोपऱ्यात पोपडे धरलेलं छत. गोष्ट पुढे जात राहते, मी मात्र त्या वास्तूतच रेंगाळतो.

तैवानच्या त्साय मिंग-लियांग या दिग्दर्शकाने तर अशा एका वास्तूला अख्खा सिनेमाच वाहिला. तैपेईला लागून असलेल्या योंगहे भागात फू-हो नावाचं मोठं थिएटर होतं. ते बंद व्हायच्या बेतात होतं, तेव्हा त्याने तिथेच कॅमेरा लावला. २००३ साली आलेला तो सिनेमा म्हणजे ‘गुडबाय, ड्रॅगन इन’.

कथानक म्हणाल तर एवढंच: थिएटरचा शेवटचा खेळ, बाहेर धो धो पाऊस, पडद्यावर किंग हूचा १९६७ मधला तलवारबाजीचा ‘ड्रॅगन इन’ आणि समोर बोटांवर मोजता येतील इतके प्रेक्षक. जवळजवळ निम्मा सिनेमा होईपर्यंत त्यांच्यातलं कुणी तोंड उघडत नाही. तिकीट खिडकीवरची बाई एका पायाने अधू आहे. लांबलचक बोळांतून आणि जिन्यांवरून तिची पावलं वाजत राहतात आणि त्या आवाजावरूनच थिएटर किती मोठं आहे ते कळतं. ती वाफवलेला गुलाबी बन मधोमध कापते, अर्धा स्वतः खाते आणि उरलेला अर्धा प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी वर घेऊन जाते. तो जागेवर नसतो.

प्रेक्षकांत दोन वयस्क पुरुष आहेत, मिआओ तिएन आणि शिह चुन. १९६७ च्या त्या सिनेमात दोघांनीही काम केलं होतं. आज ते अंधारात बसून स्वतःचं तारुण्य पाहतात. शिह चुनचे डोळे भरून येतात.

खेळ संपतो, दिवे लागतात. बाई रिकाम्या रांगांमधून फिरते आणि निघून जाते. कॅमेरा मात्र हलत नाही. कितीतरी वेळ समोर नुसत्या खुर्च्या. हा प्रसंग अनेकांना कंटाळवाणा वाटतो. मला त्यातच सिनेमाचा जीव दिसतो. ज्या खुर्च्यांसमोर सिनेमा जन्मभर उभा राहिला, त्यांच्याकडे त्याने इथे एकदा डोळे भरून पाहिलं आहे.

सिनेमाने असं थिएटर जपल्याचं आणखी एक उदाहरण अमेरिकेतलं. साउथ पासाडेनाचं रियाल्टो थिएटर १९२५ साली सुरू झालं आणि २००७ मध्ये तिथले रोजचे खेळ बंद पडले. ‘ला ला लँड’ या सिनेमासाठी तिथे पुन्हा प्रेक्षक बसले, पडदा उजळला आणि त्याच सिनेमात पुढे त्याची बंद दारंही दिसली.

थिएटर कधी उघडलं, कधी मिटलं, खुर्च्या किती होत्या, हे कागदोपत्री सापडतं. पडद्याचा उजेड पहिल्या रांगेवर कसा पडायचा, इंटरव्हलला दार ढकलल्यावर काय आवाज यायचा, हे कुठल्या दप्तरात नसतं. ते फक्त तिथे चित्रित झालेल्या सिनेमात उरतं. पुण्यात मंडईजवळ १९१५ साली सुरू झालेलं आर्यन १९८३ मध्ये पाडलं गेलं. त्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. ज्यांनी तिथे सिनेमे पाहिले त्यांच्या आठवणी आहेत, पण आठवणी माणसाबरोबर जातात.

आपल्या तालुक्यातालुक्यांत अजून काही एकपडदा थिएटरं कशीबशी उभी आहेत. तरुण दिग्दर्शकांनी आपल्या गोष्टीतला एखादा तरी प्रसंग तिथे घडवावा, आणि मालकांनी त्यांना दार उघडून द्यावं. पाडकामाची तारीख ठरल्यावर ते जमणार नाही.