हॅमिशचा आवाज

गुप्तहेरकथा म्हटली की आपल्याला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आठवतो: धाडसी, चलाख, आणि रात्री निश्चिंत झोपत असावा असा. सोयाबीनची सोंगणी उरकल्यावर बीबीत वाचनाला सवड मिळते. तेव्हा मी एका निराळ्या गुप्तहेराच्या सहवासात असतो. चार्ल्स टॉड या टोपणनावाने आई आणि मुलगा यांनी मिळून ही मालिका लिहिली. तिचे पहिले पुस्तक १९९६ चे, काळ मात्र १९१९ चा.

नायक इन्स्पेक्टर रटलेज युद्धावरून स्कॉटलंड यार्डात परततो. १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर पुन्हा चढाई करण्यास नकार देणाऱ्या हॅमिश या स्कॉटिश सैनिकाला त्याच्याच हुकुमाने गोळ्या घातल्या गेल्या होत्या. तो हॅमिश आता त्याच्या डोक्यात बोलतो. साक्षीदाराची जबानी चालू असताना मध्येच टोकतो, आणि कित्येकदा त्याचेच खरे असते! हे भूत नव्हे, हे ध्यानात घ्या. इतरांचे खुनी सापडतात. रटलेजचा स्वतःचा खटला पुस्तकामागून पुस्तक तसाच राहतो. माझ्या मते मालिकेचे खरे रहस्य हेच.

त्याच १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे शरण गेलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कैदेतून जे घरी आले, त्यांच्या कानांत कोण बोलत होते? आपल्या गावी अशा एखाद्या सैनिकाची आठवण कोणी सांगत असेल, तर विचारून पाहा. त्याला रात्री झोप लागत असे की नाही, एवढे कळले तरी लिहून ठेवा.