हिरण्यकेशीकाठचा तांबडा रस्सा

कोल्हापुराहून गडहिंग्लजला जाणारी एस.टी. एक गंमत करते. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की ती कर्नाटकात शिरते, निपाणी मागे टाकून तवंदीचा घाट ओलांडते आणि संकेश्वरला उजवीकडे वळून पुन्हा महाराष्ट्रात येते. हिरण्यकेशी नदी हीच वाट उलटी चालते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून ती गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे जाते. मिरचीला तर ही सरहद्द कधी कळलीच नाही. दोन्हीकडच्या रानांत ती पिकते, सौदे गडहिंग्लजच्या बाजार समितीत निघतात आणि नाव मात्र संकेश्वरी! गावची माणसे तिला नुसती ‘जवारी’ म्हणतात.

नोकरीच्या निमित्ताने या वाटेने मी पुष्कळदा गेलो. यंदा फाल्गुनात मात्र घरच्या कामाला निघालो होतो. वर्षाची मिरची घ्यायची आणि जुन्या ओळखीच्या एका घरी मसाला होताना पाहायचा, असा बेत होता. त्याला कारणही तसेच घडले होते. गेल्या साली आमच्या घरचा मसाला ऐन श्रावणात बुरसला. सौभाग्यवतीने सारे सायास केले होते, चूक माझी. शहरातल्या एका दुकानातून मी मिरची आणली, ती वजन भरावे म्हणून पाणी मारलेली निघाली. वरून लालभडक, देठाशी ओलसर. बी.एस्सी. ॲग्रीचा माणूस, आणि एक मिरची मोडून पाहिली नाही! वाळलेली मिरची मुठीत दाबली की कुरकुरली पाहिजे, कानाशी हलवली की बी खुळखुळले पाहिजे. ओलावा शेकडा दहा-अकराच्या वर राहिला की बुरशीला आमंत्रणच. त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृताला घातक असते आणि आपल्या नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. म्हणून बुरसलेला मसाला ‘थोडा उन्हात टाकून’ वापरू नये, जनावरांच्या आंबोणातही घालू नये. आम्ही तो खड्डा काढून पुरला. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही, ते वेगळेच.

असो. ज्या घरी गेलो ते नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. धाब्यावर ताडपत्री अंथरून त्यावर मिरची वाळत घातली होती. मातीवर नाही, हे पाहून बरे वाटले. आजी देठ खुडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, पण हात भराभर चालत होता. सूनबाई खाली चुलीपाशी. दोन दिवस उन्हात सुकवलेला चिरलेला कांदा त्या तेलात परतत होत्या.

प्रमाण विचारले तर सूनबाई हसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, प्रमाण हाताला म्हाईत, तोंडाला न्हाई.” मग मी तराजू मागवला आणि एकेक वाटी तोलून लिहून घेतली. एक किलो मिरचीला धणे पाव किलो, सुके खोबरे पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, खसखस आणि जिरे प्रत्येकी पन्नास ग्रॅम. लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडे, मसाला वेलची, बाद्यान, दगडफूल, नाकेशर, जायपत्री, शहाजिरे, तमालपत्र हे सगळे तोळा-तोळा. हळकुंड आणि हिंगाचा खडा तेलात तळून. कांदा अर्धा किलो, लसूण पाव किलो, थोडे आले, मूठभर कोथिंबीर आणि पाव किलो खडेमीठ. घरोघर यात फरक पडणारच. मिरचीत मात्र त्या तीन भाग जवारी आणि एक भाग ब्याडगी घेतात. ब्याडगी ही हावेरी जिल्ह्यातली. रंगाला गडद, तिखटाला सौम्य. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

एक गोष्ट नवशिक्यांनी ध्यानात घ्यावी. सूनबाईंनी प्रत्येक जिन्नस निराळा भाजला. धणे, खसखस आणि खोबरे एकाच कढईत एकदम टाकले तर धणे भाजेपर्यंत खसखस करपते, आणि एवढीशी करपलेली खसखस सगळा मसाला कडू करते. बाजारच्या पुडीपेक्षा घरचा मसाला सरस होतो तो या वेगवेगळ्या भाजण्यामुळे, असे माझे मत आहे.

दुपारी डंकावर गेलो. बायांची रांग, ठसक्यांची माळ, डोळ्यांना पदर. आधी मिरची कुटून घ्यायची, मग भाजलेला मसाला, आणि कांदा-लसूण सगळ्यांत शेवटी. तो आधी पडला तर सारे उखळाच्या बुडाला चिकटून बसते. आपला मसाला निघेपर्यंत सूनबाई तिथून हलल्या नाहीत. आधीच्या बाईची जिरेपूड आपल्यात मिसळू नये यावर त्यांचा डोळा. मिरची मूळची अमेरिकेची; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली आणि त्याआधी आपला तिखटपणा मिरी-पिंपळीचा होता, हे मी त्या रांगेत सांगितले. कोणाचा विश्वास बसला नाही.

परत आलो तेव्हा आजींनी दोन मिरच्या माझ्या हातावर ठेवल्या. एक लांब, सडपातळ, अंगावर सुरकुत्या असलेली. दुसरी आखूड, जाड सालीची.

“सायेब, दोन्ही येकाच वळीतल्या. बी माज्या सासूचंच हाय. पर गेली चार वर्सं मिरची ती न्हाई. रश्श्याला तवंग येत न्हाई. जमीन बसली म्हनायची.”

मी बांधावर गेलो. पलीकडे ठिबकवर संकरित मिरची उभी होती. सहा वर्षांपूर्वी ती माझ्याच सल्ल्याने लागली. तो सल्ला चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्या शेतकऱ्याने हिरव्या मिरचीवर घर बांधले, मुलगी शिकवली. पण बांधाच्या अलीकडे आजींचे बी आहे, हे विचारायचे माझ्या डोक्यात आले नाही. मिरचीच्या फुलाला स्वतःचा पराग चालतो, पण मधमाश्या दुसऱ्या झाडाचाही आणून टाकतात. ज्या वर्षी असा संकर होतो त्या वर्षी फळ जसेच्या तसे दिसते. फरक दिसतो तो त्या बियांपासून पुढच्या वर्षी उगवलेल्या झाडांत. आणि आजी दर साली त्याच वळीतले बी धरत होत्या. जमीन बसली नव्हती, बी बाटले होते. मी ते त्यांना सांगितले आणि पलीकडची मिरची कोणाच्या सांगण्यावरून लागली तेही सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “मग आता?”

उपाय अवघड नाही. प्रमाणित बियाण्याच्या मिरचीसाठी दोन वाणांत किमान 200 मीटर अंतर ठेवावे असा नियम आहे. पायाभूत बियाण्याला 400 मीटर. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत एवढे अंतर कुठून आणणार? त्यापेक्षा वळीतली आठ-दहा अस्सल ठेवणीची झाडे निवडावीत. फुले येण्याआधी त्यांवर जुनी मच्छरदाणी किंवा मलमलीचे कापड काठ्यांवर ताणून टाकावे. आधी लागलेले फळ खुडून टाकावे. सकाळी झाड हलकेच हलवावे, म्हणजे आतल्या आत फळधारणा होते. फळे धरली की कापड काढून त्या फळांना दोरा बांधून खूण करावी. पूर्ण लाल झालेल्या त्याच फळांचे बी सावलीत वाळवून ठेवावे. पहिल्या वर्षी थोडी आखूड जातीची झाडे निघतील, ती उपटावीत. तीन-चार वर्षे नेटाने केले तर वाण बराच सावरतो.

रात्री मटण होते. सूनबाईंनी ते हळद, मीठ आणि आले-लसणाच्या वाटणावर परतून पातेल्यावर पाण्याचे ताट ठेवले आणि तेच तापलेले पाणी आत सोडत गेल्या. शिजल्यावर त्यातले अळणी पाणी निराळे काढले. त्यातले थोडे नारळाच्या दुधात आणि काजू-खसखशीच्या वाटणात मिसळून पांढरा रस्सा केला. तो मंद आचेवर नुसता गरम करायचा, उकळला तर फुटतो. तांबड्यासाठी कांदा आणि खोबरे निखाऱ्यावर भाजून तिळाबरोबर वाटले, ते वाटण तेल सुटेपर्यंत परतले आणि मग आच कमी करून नवा मसाला घातला. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून मसाला तेलात पडला पाहिजे, पण जळता कामा नये. लगेच त्यावर कढत अळणी पाणी. गार पाणी ओतले की तवंग बसला, असे त्या म्हणाल्या, आणि मलाही तोच अनुभव आहे.

तवंग आला, पण पातळ. आजींनी वाटी दिव्यापाशी धरून पाहिली आणि काही न बोलता जेवल्या. चव उत्तम होती. मी तसे म्हटले तर त्या म्हणाल्या, “तुमी माज्या सासूचा रस्सा खाल्ला न्हाई.”

सकाळी निघताना तीन किलो मिरची मोडून, दाबून, हलवून घेतली. आजी माळ्याखाली उभ्या राहून नातवाकडून जुने गाठोडे काढून घेत होत्या. त्यात पाळण्यावरची मच्छरदाणी होती. सूनबाई म्हणत होत्या, तिला दोन ठिकाणी भोके आहेत. आजींनी सुई-दोरा मागवला आणि मला विचारले, “रोप आषाढात लावलं, तर ही कवा टाकायची?” कळी दिसली की मला निरोप धाडा, असे सांगून मी एस.टी. गाठली.