तीन तारांचा जमाखर्च

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारी आपली मुले सुट्या भागांसाठी बुधवार पेठेत येतात. पासोड्या विठोबाच्या आसपास, तापकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने दाटीने उभी आहेत. माझा भाचा आयटीआय करून एका ठेकेदाराकडे मशिनच्या देखभालीवर आहे. एका मशिनचा सेन्सर बिघडला, म्हणून दुकानातून त्याच मापाचा नवा आणून त्याने बसवला. समोर लोखंड आले की सेन्सरचा दिवा लागे. मशिन मात्र ढिम्म हलेना. ‘सेन्सर जाळलास’ म्हणत साहेब पगारातून पैसे कापायला निघाले.

“मामा, दिवा लागतोय, मग जळला कसा?” पोराचा प्रश्न बिनतोड होता. मी बी.कॉम. झालेला कारकून, पण कागद वाचण्याची सवय आहे. माहितीपत्रक घेऊन दोघे बसलो.

सेन्सरला तीन तारा. तपकिरी म्हणजे अधिक २४ व्होल्ट, निळी म्हणजे शून्य, काळी म्हणजे निरोप. हा निरोप आतला ट्रान्झिस्टर देतो. एनपीएन जातीचा सेन्सर काळी तार शून्याला जोडतो, पीएनपी जातीचा २४ व्होल्टला. पलीकडे मशिनचा मेंदू, म्हणजे पीएलसी. त्याच्या इनपुटला दोन टोके: एकावर काळी तार, दुसरे सामाईक, म्हणजे कॉमन. एनपीएन असेल तर कॉमन २४ व्होल्टवर हवा, पीएनपी असेल तर शून्यावर. आमच्या जमाखर्चासारखेच हे आहे. नावे आणि जमा दोन्ही बाजू हव्यात, तरच व्यवहार होतो. इथे मशिनचा कॉमन २४ व्होल्टवर आणि नवा सेन्सर पीएनपी. दोन्ही टोकांना २४ व्होल्ट, मग प्रवाह वाहणार कुठून? सेन्सर निर्दोष होता आणि पोरगाही. माहितीपत्रक आणि मशिनचा नकाशा त्याने साहेबांपुढे ठेवला. एनपीएन बसवताच मशिन चालले, पगारही वाचला.

जपानी यंत्रांवर एनपीएनची रूढी, युरोपीय यंत्रांवर पीएनपीची. आपल्या कारखान्यांत दोन्हीकडची यंत्रे असल्याने घोटाळा होतो. काही पीएलसींत कॉमन बदलता येतो. पण त्याच कॉमनवरचे बाकीचे सेन्सरही मग बंद पडतात. अशा वेळी मध्ये रिले घालावा किंवा योग्य जातीचाच सेन्सर आणावा.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. एनपीएनची काळी तार घासून मशिनच्या सांगाड्याला टेकली आणि शून्य अर्थिंगला जोडलेला असला, तर पीएलसीला खोटाच निरोप जातो. प्रेसमध्ये कुणाचा हात असला तर? म्हणून हाताच्या रक्षणासाठी साध्या सेन्सरवर कधीच विसंबू नये. त्याची खास सुरक्षा साधने असतात, ती मागून घ्यावीत. तारा जोडण्यापूर्वी वीज बंद करावी.

पालकहो, मुलांना सांगा: दुकानात जाताना जुन्या सेन्सरवरचे लेबल उतरवून न्या, नुसते माप दाखवू नका. आणि कुणी दोष लावला तर मान खाली घालू नका. आधी नकाशा मागा, मग बोला.