चिमणराव लातूरला आले नाहीत

चिमणराव लातूरला आले नाहीत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अवतरले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते घरोघरी पोचवले. पण ती घरं मुंबई-पुण्याकडची होती. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. तिथून पूर्वेला आमच्यापर्यंत यायला त्या चित्राला आणखी दहा-बारा वर्षं लागली. आमचा जिल्हासुद्धा तेव्हा उस्मानाबादच होता. लातूर वेगळं झालं ते 1982 मध्ये.

तेव्हा चिमणराव आमच्याकडे यायचे ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, पुण्याच्या आत्याच्या मुलांबरोबर. रात्री गच्चीवर सतरंज्या टाकल्या की ती मुलं आळीपाळीने चिमणराव व्हायची. चालायचं कसं, घाबरायचं कसं, गुंड्याभाऊंनी आवाज चढवला की दचकायचं कसं, सगळं करून दाखवायची. आम्ही पोट धरून हसायचो. पुढे वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं, तेव्हा डोळ्यांसमोर आला तो आत्याचा थोरला मुलगा. खरे प्रभावळकर आम्हाला पुष्कळ नंतर, दुसऱ्याच भूमिकांमधून भेटले.

जुन्या मालिकांचा विषय निघाला की मुंबई-पुण्याचे मित्र हळवे होतात. त्यांना ते दिवस पुन्हा एकदा पाहायचे असतात. आमच्या वाट्याला मात्र पुन्हा पाहणं नाही. ‘चिमणराव’, विनायक चासकरांचा ‘गजरा’, आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’, लेखकांना समोर बसवून बोलतं करणारा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांतलं सुरुवातीच्या वर्षांतलं जे काही झालं, ते मराठवाड्याने पाहिलेलंच नाही. आम्हाला ते पहिल्यांदा पाहायचं आहे. आणि आज शोधायला जावं, तर त्यातलं बहुतेक मिळत नाही.

याच गोष्टीची एक चुटपुट लावणारी बाजू आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर देशातल्या सहा राज्यांत 2400 खेड्यांमध्ये उपग्रहावरून दूरदर्शन दाखवलं गेलं. ‘साइट’ म्हणतात तो हा प्रयोग. उपग्रह अमेरिकेचा, कार्यक्रम आपले. कर्नाटकातली जी खेडी त्यात होती, त्यांत गुलबर्गा जिल्ह्यातलीही होती. म्हणजे आमच्या सीमेपलीकडे, एसटीने अर्ध्या दिवसात जाता यावं इतक्या अंतरावर, शाळेच्या ओट्यावर पेटी मांडून गाव शेती-आरोग्याचे कार्यक्रम पाहत होतं. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. वर्षभराने उपग्रह हलला आणि तिथल्या पेट्याही मुक्या झाल्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लातूरला प्रक्षेपण आलं आणि घरांच्या छपरांवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचं पीक उगवलं. एकाने वर चढायचं, एकाने अंगणात उभं राहायचं, एकाने टीव्हीसमोर. “आलं का?” “मुंग्याच आहेत.” “आता?” “थोडं अंबाजोगाईकडं फिरव.” “हां, हां, सोड, हलवू नको आता!” वारा सुटला की पुन्हा तेच. पण सुरुवातीला लातूरसारख्या गावांतल्या छोट्या क्षेपकांवरून यायची ती प्रामुख्याने दिल्ली. मराठी मुलखातल्या आमच्या घरात आधी ‘हम लोग’ आलं, ‘बुनियाद’ आलं. मराठी सवडीने आली.

त्याने आमचं नुकसान झालं असं मात्र मी म्हणणार नाही. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेली पिढी तेव्हा लातूर-उदगीर-नांदेडात हयात होती. आमच्या वाड्यातले एक आजोबा मराठी वर्तमानपत्र वाचायचे, पण हिशेब उर्दूत मांडायचे. ‘बुनियाद’मधले मास्टर हवेलीराम बोलू लागले की ते पुढे सरकून बसत. 1988 मध्ये गुलजारांचं ‘मिर्झा गालिब’ लागलं, तेव्हा नसीरुद्दीन शहांच्या आधी शेराची दुसरी ओळ आजोबांच्या तोंडून निघायची आणि आम्ही पोरं कधी पडद्याकडे, कधी त्यांच्याकडे बघायचो. ज्या भाषेला 1948 नंतर बाजारात काम उरलं नव्हतं, ती त्यांना टीव्हीने काही आठवडे परत दिली. मालिकेचं मोल प्रेक्षकसंख्येवरून ठरवणाऱ्यांनी असा एखादा प्रेक्षकही हिशेबात धरावा.

मग मुंबईचे मराठी कार्यक्रम येऊ लागले. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ राजदत्तांनी पडद्यावर आणला. अशोक पत्कींनी चाल दिलेलं त्याचं शीर्षकगीत आजही चाळिशी-पन्नाशीतली माणसं न अडखळता म्हणतात. संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं. त्या कार्यक्रमाला ओसरीवर वेगळीच शांतता असे. शेजारचे काका टीव्हीजवळ पाट घेऊन बसत, मांडीवर मुलाची जुनी वही. तुरीवरच्या अळीसाठी सांगितलेलं औषध आणि त्याचं पाण्यातलं प्रमाण लिहून घेताना भारनियमनाची वेळ झाली की त्यांचा जीव वरखाली होई. पुढे लातूरची बाजारपेठ तुरीसाठी आणि सोयाबीनसाठी देशभर ओळखली गेली. पीक कसं बदलत गेलं, बियाण्यावर शेतकरी काय बोलत होते, कोरडवाहूचं काय सांगितलं जात होतं, हे सारं त्या कार्यक्रमाच्या भागांमध्ये माणसांच्या चेहऱ्यासकट नोंदलं गेलं होतं. मालिकांसाठी आपण हळहळतो. मला या कार्यक्रमाची हळहळ जास्त वाटते.

हे गेलं कसं? मुद्दाम कोणी जाळलं नाही. टेप महाग होती, बाहेरून यायची. कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, अशी रीत होती. बरेचसे कार्यक्रम तर थेटच व्हायचे. त्यांची टेप नव्हतीच. जे राहिलं त्याच्यामागे हवा लागली. टेपवरचा लोहाच्या कणांचा थर ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते दमट हवेत सुटतं, बुरशी धरते. शिवाय ती चालवणारी यंत्रं बंद पडली, सुटे भाग मिळेनासे झाले. प्रायोजित मालिकांची आणखी वेगळी अडचण: हक्क निर्मात्याचे. निर्मिती संस्था मिटली, वारसांना ठाऊक नाही, गाण्यांचे हक्क तिसऱ्याच कोणाकडे. अशा मालिकेची टेप धड असली तरी ती दाखवायची परवानगी कोणाकडे मागायची, इथेच गाडी अडते. ‘रामायण’, ‘महाभारत’ यांची काळजी नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ‘रामायण’ पुन्हा दाखवलं गेलं आणि देश पुन्हा त्याच्यासमोर बसला. मोठ्यांना वाली असतो. आठवड्याला अर्धा तास येऊन जाणारे मराठी कार्यक्रम मात्र असेच हरवले.

पण सगळं हरवलंय असं मी मानत नाही, आणि त्याचं कारण लग्नाच्या कॅसेटी आहेत.

लातूरच्या गोलाईतल्या एका गल्लीत एक फोटोग्राफर अजून जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून देतो. एका नातलगाच्या लग्नाची कॅसेट घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने आधी खिडकीवरची झडप उचलून फीत उजेडात धरली, बुरशी नाही ना बघितलं. मग मागच्या कडेची जागा दाखवली. तिथे प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडून टाकला की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. या कॅसेटचा तुकडा मोडलेला नव्हता. “बघा सर, ही वाचली ते नशीबच,” तो म्हणाला. हळद झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नवरी रडत जीपमध्ये बसली. पडद्यावर मुंग्या आल्या. मी उठायला लागलो, तर तो म्हणाला, “थांबा की. तीन तासांची कॅसेट हाय, लगीन दोन तासांत आटपलंय. पुढं लोक काय ना काय भरतेतच.” आणि खरंच, मुंग्या सरल्या आणि साप्ताहिकी सुरू झाली. कोणीतरी शनिवारचा मराठी सिनेमा भरायला म्हणून बटण दाबून बघितलं असावं. निवेदिका खाली बघत, वर बघत, आठवड्याचे कार्यक्रम वाचत होत्या: सोमवारी काय, मंगळवारी काय, नाटकात कोणाच्या भूमिका, चर्चेत कोण. आवाज थोडा थरथरता, रंग एका बाजूला वाहिलेले. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मुंग्या. त्या यादीतली एकही गोष्ट आज बघायची म्हटली तरी कुठे बघायची, मला सुचेना. फोटोग्राफरला मी सांगितलं, लग्नाएवढंच हेही जपून उतरवा.

इंग्लंडातही हेच घडलेलं आहे. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या टेपा पुसल्या. आजही तिचे नव्वदहून अधिक भाग मिळालेले नाहीत. पण 2013 मध्ये त्यातले नऊ भाग सापडल्याचं जाहीर झालं, आणि ते सापडले नायजेरियातल्या जोस शहरातल्या प्रक्षेपण केंद्रात. लंडनने पुसलेलं दूरच्या एका केंद्राच्या फडताळात शिल्लक होतं. आमच्या लातूरच्या क्षेपकाकडे टेपा नसायच्या. तो फक्त वरून आलेलं पुढे सोडायचा. असे शेकडो जुने क्षेपक 2022 पर्यंत दूरदर्शनने बंदही केले. तेव्हा आमच्याकडे कोठार म्हणायचं तर ते घरांचे माळेच.

माळ्यावरून आणखी एक गोष्ट मनात येते, आणि ती लिहिताना हात जड होतो. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. भूकंपात किल्लारी आणि आसपासची गावं काही सेकंदांत बसली. पुढे माणसं नव्या गावठाणांत गेली, ती दगडमातीची जाड भिंतींची घरं, त्या अरुंद बोळी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्याआधीच्या त्या गावांचं हलतं चित्र कुठे असेल, तर दूरदर्शनच्या एखाद्या शेतीच्या कार्यक्रमात, नाहीतर लातूर-औशाच्या नातेवाइकांकडे पडलेल्या लग्नाच्या कॅसेटीत, वरात वेशीतून जाते तेवढ्या मिनिटांत. आज तिशीत असलेल्या किल्लारीच्या मुलाने आपल्या आजोबांचं दार कधी पाहिलेलं नाही.

घरी पाहायचं व्हीसीआर यंत्र बनवणारी शेवटची कंपनीही 2016 मध्ये थांबली. जी यंत्रं चालू आहेत ती दुरुस्त करणारे हात म्हातारे होत आहेत. म्हणून दोन विनंत्या. दूरदर्शनच्या मुंबई केंद्राकडे जे मराठी कार्यक्रम शिल्लक आहेत त्यांची संपूर्ण यादी, भागांच्या तारखांसह, कोणालाही घरबसल्या वाचता येईल अशी असावी. काय राहिलं हे कळलं, तर काय शोधायचं ते कळेल. आणि लातूर, नांदेड, उदगीर, निलंगा, औसा, जिथे कुठे हे वाचत असाल तिथे, या दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरची कॅसेटींची पिशवी भंगारात देऊ नका. ती उतरवून घ्या, आणि लग्न संपलं तरी कॅसेट थांबवू नका. शेवटपर्यंत चालू द्या.