कळकाचें वय

वर्ध्याहून पवनारला जातांना, धाम नदीच्या अलीकडे, आमचें लहानसें शेत आहे आणि त्याच्या बांधावर कळकाचें एक बेट आहे. वडिलांनीं निवृत्त झाल्यावर, १९९२ सालीं, कोणा स्नेह्याच्या बेटांतला कंद खणून आणून तें लावलें. वडील गेले, बेट वाढलें. आणि गेल्या उन्हाळ्यांत त्याच बेटावरून आम्हां दोघां भावांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली.

"दादा, हें बेट एक दिवस फुलणार आणि मरणार. त्यापेक्षां आतांच काढूं आणि टिश्यूकल्चरच्या केळी लावूं," असें धाकट्याचें म्हणणें. त्यांत वावगें कांहींच नव्हतें. सेलूकडल्या केळींचा लौकिक आम्हीं लहानपणापासून ऐकलेला. आणि कळक तर आयुष्यांत एकदांच फुलतो. चाळीस-पन्नास वर्षांनीं तो लोंब्यांनीं भरतो, बीं टाकतो आणि वाळून जातो. शिवाय त्याचें वय लावल्या दिवसापासून नव्हे, मूळ बीं रुजल्यापासून धरावें लागतें. कंद कोठेंहि नेला तरी आपल्या आईचें वय तो पदरांत बांधून नेतो. आमच्या बेटाची जन्मतिथि अर्थातच कोणाला ठाऊक नाहीं. आमच्या आईची भीति निराळीच: कळक फुलला कीं दुष्काळ पडतो! तीहि अगदींच भोळी नव्हे. मिझो टेकड्यांत १९५९ सालीं तेथल्या बांबूच्या बियांवर उंदीर माजले आणि पुढें त्यांनीं उभीं पिकें फस्त केलीं.

भावाला निरुत्तर करावें, या फारशा थोर नसलेल्या हेतूनें मीं ऊतिसंवर्धनाविषयीं वाचावयास घेतलें. वनस्पतीची एकेक पेशी वेगळी काढून वाढवितां येईल, ही कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९०२ सालीं मांडली. त्याचे स्वतःचे प्रयोग मात्र फसले. पुढें १९५७ सालीं स्कूग आणि मिलर यांनीं तंबाखूच्या खोडांतला गाभा काचपात्रांत वाढवून दाखविलें कीं, ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचें प्रमाण बदललें म्हणजे तोच गोळा कधीं मुळें फोडतो, कधीं कोंब. मूळ व्हावयाचें कीं कोंब, हें त्या पेशींच्या कपाळीं लिहिलेलें नसतें!

पण मला खिळवून ठेवलें तें पुण्याच्या एका प्रयोगानें. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत रजनी नाडगौडा, मस्कारेन्हस आणि त्यांचे सहकारी यांनीं बांबूचीं कोवळीं रोपें काचपात्रांत वाढविलीं. क्षार, साखर, थोडें सायटोकायनिन आणि (हें वाचून मला हंसूं आलें) नारळाचें पाणी, असा त्यांचा खुराक. अवघ्या कांहीं महिन्यांत तीं चिमुकलीं रोपें फुललीं, आणि त्यांना बींहि धरलें. त्यांत आमचा कळकहि होता. 'नेचर' या इंग्रजी साप्ताहिकांत ही हकीकत १९९० सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे वडील कुदळीनें तो कंद खणीत होते त्याच्या दोन वर्षें आधीं.

तोंवर माझी समजूत अशी होती कीं, आपण प्रॉव्हिडंट फंड सांठवितों तसा कळक वर्षानुवर्षें फुलण्याची शक्ति सांठवीत असतो. तसें नव्हे. ती शक्ति त्या चिमुकल्या रोपांतहि होतीच. एवढीं वर्षें तिला कांहींतरी आवरून धरतें. तें काय, आणि तें वर्षें कशीं मोजतें, हें अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. या विद्येचा आपल्याकडे गाजावाजा झाला तो एकसारख्या लाखों रोपांमुळें. मला मात्र ती झाडाला अडवून प्रश्न विचारण्याची युक्ति वाटते.

हें सारें मीं भावाला मोठ्या उत्साहानें सांगितलें. तो शांतपणें म्हणाला, "म्हणजे आपलें बेट केव्हां मरेल, हें पुण्याच्या लोकांनाहि सांगतां येणार नाहीं, असेंच ना?"

निरुत्तर मीच झालों. अखेर आईनें तोडगा काढला: केळी खालच्या अंगाला, विहिरीजवळ लावाव्या, बेट तिच्या हयातींत तोडावयाचें नाहीं. केळी लागल्या. भाद्रपदांत भावाचा फोन आला. केळींची खुशाली सांगून झाल्यावर तो म्हणाला, बेटाला यंदा अकरा नवे कोंब आले आहेत.