सूर्यास्तापूर्वीची डाळ-ढोकळी

पिंपरी रेल्वे स्थानकातून कॅम्पाच्या बाजारपेठेकडे वळले, की शगुन चौकाच्या आसपास कापड, भांडी, किराणा आणि सराफीची दुकाने ओळीने लागतात. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी कुटुंबांनी या पेठेत जीव ओतला. मारवाड आणि गुजरात येथून आलेल्या जैन व्यापारी घराण्यांनीही या परिसरात आपला जम बसवला. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे एकामागून एक कारखाने आले आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली.

कारखान्यांनी दुकानदाराला गिऱ्हाईक दिले आणि त्याबरोबर एक पेचही दिला. दिवसपाळी संपवून कामगार बाजारात येतो तो संध्याकाळी, आणि चौविहार पाळणाऱ्याची जेवणाची वेळही तीच. डिसेंबरच्या प्रारंभी येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गल्ला सोडून सावकाश जेवावे तर गिऱ्हाईक परत जाते आणि गिऱ्हाईक सांभाळावे तर नियम मोडतो. अशा घरांना लवकर होणारे, एका पातेल्यात मावणारे आणि पोटभरीचे जेवण हवे होते. डाळ-ढोकळीने ती गरज भागवली.

हा पदार्थ पिंपरीचा नव्हे. राजस्थान आणि गुजरात या दोन्ही प्रांतांत तो पूर्वापार आहे. महाराष्ट्रातील वरणफळे किंवा चकोल्या ही त्याचीच भावंडे; म्हणून शेजारच्या मराठी घरालाही तो परका वाटत नाही.

त्यातील काटकसर केवळ पैशाची नाही. शिजवलेले ओले अन्न रात्र उलटली की वासी ठरते. भिजवलेली कणीकही दुसऱ्या दिवसासाठी ठेवली जात नाही. त्यामुळे दुपारचे वरण आणि उरलेली कणीक यांचा निकाल त्याच सायंकाळी लावावा लागतो. टाकून दिले तर अन्नाचा अवमान, ठेवले तर दोष. गृहिणीने या दोहोंतून मार्ग काढला आणि उरलेल्याचेच ताजे जेवण केले.

चौघांसाठी दोन वाट्या घोटलेले तुरीचे वरण आणि दीड वाटी कणीक पुरते. कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून ती घट्ट मळावी. दुपारची कणीक असल्यास हाच मसाला तीत मिसळावा. तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि सुक्या मिरचीची फोडणी करून वरण ओतावे. चार-पाच वाट्या पाणी, आमसूल, गूळ, मीठ आणि मूठभर शेंगदाणे घालून खळखळून उकळी आणावी. पातळ पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत आणि ते एकेक करून सोडावेत. एकदम टाकले तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत ढोकळी शिजते. वरून साजूक तूप घालावे. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी जोडीला कच्चे दही घेऊ नये.

यात कांदा, लसूण, बटाटा मुळातच नाही. अष्टमी-चतुर्दशीला किंवा पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असली तरी कोथिंबिरीवाचून काही अडत नाही. डाळ, गहू, गूळ आणि आमसूल घरच्या कोठीतच असतात. अशा रीतीने सोय म्हणून केलेले जेवण तिथीशी जोडले गेले आणि तिथीमुळे परंपरा ठरले.

आज अनेक घरांतील मुले दुकानाऐवजी चाकणच्या कारखान्यांत किंवा कार्यालयांत जातात. सूर्यास्ताच्या वेळी ती रस्त्यावरच्या कोंडीत असतात. कोणी दुपारीच डबा मागवून घेतो, कोणी चौविहार तिथीपुरता पाळतो. ऐपत वाढल्याने उरलेल्या वरणाची किंमतही कमी वाटू लागली आहे. तरीही सुटीच्या दिवशी सून सासूबाईंना विचारते, "आई, दुपारचं वरण ठेवू ना?" या प्रश्नात अपरिग्रहाचे शिक्षण आहे. घरात किती आहे यापेक्षा त्यातले वाया किती जाते, याकडे लक्ष ठेवण्याची सवय त्यातून पुढच्या पिढीला लागते. ढोकळी खाऊन पातेले घासून ठेवले, की त्या दिवसाचे अन्न त्याच दिवशी संपते आणि दुकानातले मागचे गिऱ्हाईकही ताटकळत नाही.